भाडेकरूंचा सूर्य

ज्यांच्या घरी वीजमंडळाचा जुना काळा मीटर होता, त्यांना त्यातली चकती नक्की आठवत असेल. काचेआड आडवी फिरणारी ॲल्युमिनियमची पातळ चकती आणि तिच्या कडेवर एक रंगीत खूण. इस्त्री लावली की ती खूण भराभरा समोरून जायची. रात्री दिवे मालवले की चकतीला जणू झोप यायची. पोरं तिचे फेरे मोजत बसायची. उलटी फिरताना मात्र ती कुणी पाहिली नव्हती.

जर्मनीतल्या काही इमारतींमध्ये ती उलटी फिरू लागली. लख्ख उन्हाची दुपार, घरातली माणसं कामावर गेलेली, फ्रिजची मोटर नुकतीच थांबलेली. अशा वेळी तळघरातल्या मीटरची चकती थबकायची आणि मग सावकाश मागे सरकायची. वर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला एक-दोन सौर पॅनेल बांधलेली असायची आणि त्यांची वायर खोलीतल्या साध्या सॉकेटात खोचलेली असायची. नियमाच्या भाषेत हा गैरप्रकार होता. १६ मे २०२४ रोजी नवा कायदा अमलात आला आणि चकतीच्या या उलट्या फेऱ्यांकडे, निदान मीटर बदलेपर्यंत, काणाडोळा करायचं सरकारनेच ठरवलं.

या यंत्रणेला जर्मन लोक बाल्कोनक्राफ्टवेर्क म्हणतात. शब्दशः अर्थ घ्यायचा तर ‘बाल्कनीतलं वीजनिर्मिती केंद्र’. कोयना किंवा चंद्रपूर यांसाठी वापरायचा शब्द कपडे वाळत घालायच्या जागेला लावायचा, यातली गंमत जर्मनांनाही कळते. यंत्रणा म्हणजे तरी काय? दोन पॅनेल, पुस्तकाएवढा एक इन्व्हर्टर, वायर आणि प्लग. पॅनेल आणि इन्व्हर्टर तर बऱ्याच आधीपासून बाजारात होते. सगळं घोडं अडलं होतं ते प्लगपाशी, आणि त्याच्या मागे उभं होतं घरमालक आणि भाडेकरू यांचं जुनंच दुखणं.

सुरुवात अर्थातच छपरापासून झाली. १९८७ साली झुरिकच्या मार्कुस रेआल या अभियंत्याने एक मेगावॉटचं सौर केंद्र उभारायचं ठरवलं, पण एका जागी नव्हे. प्रत्येकी तीन किलोवॉट पेलतील अशी ३३३ घरांची छपरं त्याला हवी होती. सूर्याची वीज मोठ्या केंद्रातच तयार व्हायला हवी असं नाही, ती घरोघरी तयार होऊन जाळ्यात मिसळू शकते, हे त्यातून लोकांना दिसलं. जर्मनीने १९९० मध्ये ‘हजार छपरं’ नावाची योजना काढली. त्याच वर्षी छोट्या उत्पादकांची वीज विकत घेणं वीजकंपन्यांना बंधनकारक करणारा कायदा संसदेत मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. पण त्यात मिळणारा दर तुटपुंजा होता. पॅनेलचा खर्च त्यातून निघणं शक्यच नव्हतं.

ती कसर भरून काढली आखेन शहरातल्या वोल्फ फॉन फाबेक यांनी. हे लष्करातले निवृत्त अधिकारी. त्यांचं म्हणणं साधं होतं. वीज तयार करायला जेवढा खर्च येतो तेवढा दर मिळालाच पाहिजे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर उत्पादन खर्चावर आधारित हमीभाव. आपल्याकडे ज्या मागणीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, ती आखेन नगरपालिकेने १९९५ मध्ये सूर्याच्या विजेपुरती मान्य केली. युनिटला सुमारे दोन मार्क. पुढे २००० च्या अक्षय ऊर्जा कायद्याने हाच विचार देशभर नेला. सौर विजेच्या युनिटला ९९ फेनिग, म्हणजे जवळजवळ एक मार्क, आणि तोही वीस वर्षांच्या हमीने. बव्हेरियातल्या गोठ्यांवर, चर्चच्या आणि शाळांच्या छपरांवर निळी पॅनेल दिसू लागली ती त्यानंतर.

ही कथा जगभर कौतुकाने सांगितली जाते आणि ते कौतुक रास्तच आहे. पण तिला एक दुसरी बाजू आहे. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरांत राहतात. त्यांना छप्पर नाही, म्हणून पॅनेल नाही, म्हणून हमीभावही नाही. तो हमीभाव द्यायला पैसा कुठून आला? सर्वांच्या वीजबिलावर लावलेल्या अधिभारातून. २०१४ मध्ये तो युनिटमागे सव्वासहा सेंटच्या आसपास पोहोचला होता. म्हणजे बर्लिनमध्ये दोन खोल्यांत राहणारी नर्स गावाकडच्या बंगलेवाल्याच्या पॅनेलला हातभार लावत होती, पण तिला स्वतःला सूर्याची एक कवडीही मिळत नव्हती. जुलै २०२२ मध्ये हा अधिभार बंद झाला. तोपर्यंत भाडेकरूंनी आपला मार्ग शोधला होता.

त्या मार्गाचा नकाशा आधी काढून ठेवला होता हॉलंडने.

छपरावरच्या यंत्रणेत सगळ्या पॅनेलची वीज एका मोठ्या इन्व्हर्टरकडे जाते. हा इन्व्हर्टर एकदिश प्रवाहाचं प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. हॉलंडमधल्या मास्टरव्होल्ट कंपनीने १९९३ मध्ये ‘सनमास्टर १३०’ हा इन्व्हर्टर आणला. तो एकाच पॅनेलपुरता होता आणि त्या पॅनेलच्याच पाठीवर बसायचा. आता पॅनेल विकत घ्यायचं तर दहा घेण्याची गरज उरली नाही, एकानेही भागत होतं. २००० मध्ये त्याच कंपनीचा ‘सोलाडिन १२०’ आला. दिसायला मोबाइलच्या चार्जरचा थोराड भाऊ. एका बाजूने पॅनेलची वायर जोडायची आणि दुसरी बाजू भिंतीतल्या सॉकेटात खोचायची. चार्जर सॉकेटातून वीज घेतो, हा सॉकेटात वीज घालायचा. बाल्कनीतल्या वीजकेंद्राचा जन्म कुठला असं कुणी विचारलंच, तर बोट याच डबीकडे दाखवावं लागेल.

डबी हुशार होती, पण व्यापाऱ्याच्या नजरेत तिला किंमत नव्हती. तेव्हा पॅनेल महाग होती आणि १२० वॉटमधून निघणाऱ्या विजेतून तो पैसा वसूल व्हायला आयुष्य गेलं असतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एनफेझ कंपनीने छोट्या इन्व्हर्टरचा धंदा खऱ्या अर्थाने चालवून दाखवला, पण तोही छपरांसाठीच. दरम्यान चीनमधल्या कारखान्यांमुळे पॅनेलचे भाव वर्षागणिक उतरत राहिले. मग जर्मनीतल्या काही हौशी आणि काही हट्टी माणसांनी प्लगवाली यंत्रणा पुन्हा बाहेर काढली. लोक तिला ‘गुरिल्ला’ सौर म्हणत. शिवाजी महाराजांच्या मुलखात गनिमी कावा हा शब्द समजावून सांगायला लागत नाही. रात्रीत कठड्याला पॅनेल बांधायचं, प्लग खोचायचा आणि कुणाला काही विचारायचं नाही.

या हट्टी माणसांत दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. ब्रेमेन शहराला लागून असलेल्या रिटरहूडे गावातले होल्गर लाउडेली हे इलेक्ट्रिशियन. प्लगने काहीही बिघडत नाही हे कॅमेऱ्यासमोर प्रयोग करून दाखवणारे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. आणि बर्लिनचे मार्कुस फीट्स्के. त्यांनी जर्मन सौर ऊर्जा संस्थेच्या कार्यगटामार्फत हाच मुद्दा मोजमापं आणि अहवाल यांच्या भाषेत मांडला. चळवळीला रस्त्यावर बोलणारा एक लागतो आणि समितीत बसणारा एक. इथे दोन्ही मिळाले.

विरोधकांचं म्हणणं काय होतं? ते निव्वळ आडमुठेपणाचं नव्हतं. पहिली भीती प्लगच्या उघड्या पितळी खुंट्यांची. नेहमीचा प्लग सॉकेटातून उपटला की तो निर्जीव होतो. इथे ऊन पडलेलं आहे, पॅनेल वीज बनवतंय आणि कुणी प्लग उपटला तर त्या खुंट्यांत वीज असणार नाही का? उत्तर इन्व्हर्टरमध्ये होतं. बाहेरच्या जाळ्याची लय मिळेनाशी होताच तो एका सेकंदाच्या पाचव्या भागात स्वतःला बंद करतो. दुसरी भीती भिंतीतल्या तारेची. जर्मन घरात साधारणपणे १६ अँपिअरचा एमसीबी असतो आणि तारेतून त्याहून जास्त प्रवाह जाऊ लागला की तो पडतो. पण त्याच तारेवर ६०० वॉटचं पॅनेल लागलं तर एमसीबीच्या पाठीमागून आणखी २.६ अँपिअर आत शिरतात. तार एमसीबीला न कळता १८.६ अँपिअर वाहून नेऊ शकते. समर्थक म्हणाले की तारेला तेवढी सवड ठेवलेली असते, आणि एका लाइनवर एवढा भार किती घरांत असतो? दोन्ही बाजूंचं गणित बरोबर होतं. वाद होता तो किती धोक्याला धोका म्हणायचं यावर.

तडजोड निघाली ती खास जर्मन पद्धतीची. २०१८ च्या मानकाने भिंतीतल्या लाइनवर प्लगने वीज घालायला वाट दिली, पण रोजचा शुको प्लग मानक ठरवणाऱ्यांना नको होता. हा प्लग जर्मनीत १९२० च्या दशकापासून आहे. नावाचा अर्थ ‘संरक्षक संपर्क’. त्याऐवजी बोट आत जाणार नाही असा खास सॉकेट बसवायचा आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच. आता इलेक्ट्रिशियनची फी जवळजवळ पॅनेलच्या किमतीला जाऊन भिडणार. शिवाय वीजवितरण कंपनीला कळवायचं, तिचे अर्ज भरायचे, मीटर बदलून घ्यायचा, सरकारी नोंदवहीत दुसऱ्यांदा तीच माहिती लिहायची. सहाशे वॉटसाठी! एका इस्त्रीला याहून जास्त वीज लागते. साहजिकच बऱ्याच लोकांनी शुको प्लग खोचला आणि कुणालाच कळवलं नाही. नियम पाळणाऱ्यांच्या या देशात कायदा न पाळण्याची ही एवढी मोठी, एवढी शांत लाट क्वचितच आली असेल.

घरमालकाचा अडथळा वेगळाच. इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो, पॅनेल खाली पडेल, शेजाऱ्याच्या डोळ्यांवर चकाकी येते, अशा नाना सबबी. आपल्याकडे गॅलरीला जाळी बसवायची परवानगी मागायला सोसायटीच्या सभेत उभं राहिलेल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असेल. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. २०२१ मध्ये स्टुटगार्टच्या स्थानिक न्यायालयाने एका भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला. पॅनेल नीट बांधलेलं असेल, सहज काढता येत असेल आणि नजरेला खुपत नसेल, तर मालकाला ते उतरवायला लावता येणार नाही. निकाल खालच्या कोर्टाचा, पण हवा बदलली आहे हे त्यातून कळलं.

मग २४ फेब्रुवारी २०२२ चा दिवस उजाडला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, रशियन गॅस आटला आणि वीज-गॅसची बिलं बघून जर्मन माणसाच्या पोटात गोळा आला. जी यंत्रणा आजवर पर्यावरणवाद्यांचं खेळणं वाटत होती, तिच्यासाठी दुकानांत झुंबड उडाली. आल्डी आणि लिडलसारख्या स्वस्त किराणा दुकानांच्या साखळ्या बटाटे-दुधाच्या जाहिरातींशेजारी सौर पॅनेल विकू लागल्या. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने आणि पाठोपाठ बर्लिनने ५०० युरोंपर्यंत अनुदान जाहीर केलं. १ जानेवारी २०२३ पासून सौर यंत्रणांवरचा विक्रीकर शून्य झाला. आणि त्याच महिन्यात, इतकी वर्षं ‘नाही’ म्हणणाऱ्या विद्युत अभियंत्यांच्या मानक संस्थेनेच, व्हीडीईने, पवित्रा बदलला: मर्यादा ८०० वॉटपर्यंत न्या, शुको प्लग चालवून घ्या, चकती उलटी फिरली तर फिरू द्या. ८०० हा आकडा कुणी मनाने काढला नव्हता. युरोपीय संघाच्या वीजजाळ्याच्या नियमांत त्याहून लहान उत्पादकाची दखलच घेतलेली नाही.

पुढचा रेटा यूट्यूबवरून आला. ‘अक्कुडॉक्टर’, म्हणजे बॅटरीचा डॉक्टर, या नावाने व्हिडिओ करणाऱ्या आंद्रेआस श्मिट्स यांनी २०२३ च्या सुरुवातीला संसदेकडे याचिका दाखल केली. सुनावणीसाठी ५०,००० सह्या लागत होत्या. मिळाल्या एक लाखाहून अधिक. वाटेत एक ठेचही लागली. त्याच उन्हाळ्यात एका चिनी कंपनीच्या लोकप्रिय इन्व्हर्टरमध्ये मानकाने सांगितलेला सुरक्षेचा रिले बसवलेलाच नाही, हे उघड झालं. कंपनीला ग्राहकांसाठी वेगळी जोडपेटी काढावी लागली. ‘आम्ही सांगत नव्हतो?’ असं म्हणायची संधी जुन्या विरोधकांना मिळाली, आणि ती त्यांनी सोडली असती तरच नवल होतं. पण लाट परतली नाही.

जर्मन संसदेने, बुंडेस्टागने, २६ एप्रिल २०२४ रोजी ‘सौर पॅकेज १’ मंजूर केलं. इन्व्हर्टर ८०० वॉटपर्यंत, पॅनेल २,००० वॉटपर्यंत. वितरण कंपनीला कळवायची गरज नाही. सरकारी नोंदवहीत एकदाच नोंद, तीही आधीच कमी करून पाच बाबींवर आणलेली. जुना मीटर असेल तर कंपनी येऊन बदलेपर्यंत चालू ठेवा. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून घरभाड्याचा आणि सोसायट्यांचा कायदाही बदलला. आता बाल्कनीत पॅनेल लावायला संमती मागणं हा भाडेकरूचा आणि सदनिकाधारकाचा हक्क आहे. मालक किंवा सोसायटी कसं लावायचं ते सांगू शकते, पण सबळ कारणाशिवाय ‘लावायचंच नाही’ म्हणू शकत नाही. या सगळ्या लढ्यातला खरा विजय हाच. वॉट वाढले ते ठीकच, पण छप्पर नसलेल्या माणसाचं सूर्यावरचं नाव कायद्याच्या पुस्तकात चढलं.

२०२५ च्या जूनमध्ये नोंद झालेल्या यंत्रणांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. न नोंदवलेल्या वेगळ्या.

आता थोडा हिशेब. बाल्कनीची तोंडं आणि ऊन बघता ८०० वॉटमधून जर्मनीत वर्षाला साधारण ५०० ते ८०० युनिट निघतात. त्यातली काही घरात कुणी नसताना फुकट जाळ्यात जातात. उरलेली फ्रिज, राऊटर, वॉशिंग मशीन यांच्या कामी येतात आणि बिलातले वर्षाला शंभर-दोनशे युरो वाचतात. सुरुवातीला हजार युरोंना मिळणारा संच २०२४ नंतर दोन-तीनशेत मिळू लागला, म्हणून हे गणित बसलं. पण देशाच्या हिशेबात? दहा लाख बाल्कन्या मिळून एक गिगावॉटच्या आतबाहेर, तर जर्मनीची एकूण सौर क्षमता शंभर गिगावॉटच्या पुढे. शंभरातला एक भाग. बाल्कनीने जर्मनीची ऊर्जा समस्या सोडवली असं जो म्हणेल त्याला उन्हात बसवावं.

शेजाऱ्यांनी मात्र याकडे लक्ष ठेवलं. बेल्जियममध्ये प्लगवाली सौर यंत्रणा सरळ बेकायदा होती. एप्रिल २०२५ मध्ये ती बंदी उठली. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेतल्या युटा राज्याने १,२०० वॉटपर्यंतची प्लगवाली यंत्रणा वीजकंपनीच्या कराराशिवाय वापरायला परवानगी देणारा कायदा केला. युटा हे रूढिप्रिय, रिपब्लिकन पक्षाचं राज्य. माझ्या घरात मी काय खोचायचं ते कंपनीने का ठरवावं, हा तिथला युक्तिवाद. बर्लिनमध्ये जी गोष्ट डावी वाटते ती युटात उजवी ठरली.

पुण्यात औंधकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो. पुणे आणि ब्रेमेन यांच्या जुन्या मैत्रीची ती खूण. लाउडेलींचं रिटरहूडे त्या ब्रेमेनच्या वेशीवर आहे, पण त्यांचा प्लग अजून या चौकात पोहोचलेला नाही, आणि घाईने पोहोचवूही नये. आपल्याकडचे बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेने गेली हे न पाहता नुसती मोजतात. कुणी हौसेने पॅनेल सॉकेटात खोचलं, तर बाहेर दिलेल्या विजेचंच बिल यायचं. भारनियमनाच्या गावात तर आणखी निराशा. जाळ्यातली वीज गेली की हा इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद पडतो, मग बाहेर वैशाखाचं ऊन का असेना. जर्मन ग्राहकाची वीज वर्षभरात सरासरी दहा-पंधरा मिनिटं जाते. त्याला हे जाणवतही नाही.

आणि छप्पर? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि लक्ष्य एक कोटी घरांचं आहे. सोसायट्यांनाही सामायिक दिवे, लिफ्ट आणि पंपांसाठी वेगळं अनुदान मिळतं. घरासाठी अर्ज करणाऱ्याची पात्रता मात्र अशी, की पॅनेल बसवण्याजोगं छप्पर असलेलं घर त्याच्या स्वतःच्या मालकीचं हवं. मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी माणसं १९९१ च्या जर्मन भाडेकरूच्याच रांगेत उभी आहेत.

त्या काळ्या मीटरचं म्हणाल, तर त्यामागचं तत्त्व इटलीतल्या तुरिनच्या गॅलिलेओ फेर्रारिस यांचं. फिरतं चुंबकीय क्षेत्र त्यांनी १८८५ मध्ये दाखवलं, आणि हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये त्यावरून घरगुती मीटर घडवला. जर्मन लोक अजूनही त्याला फेर्रारिस मीटर म्हणतात. तिथले हे जुने मीटर २०३२ पर्यंत काढून नवे डिजिटल बसवायचे आहेत. तोवर ज्यांच्या तळघरात ती चकती शिल्लक आहे, त्यांच्याकडे ती उन्हाच्या दुपारी उलटी फिरते.